खुराडे बांधण्यापूर्वी लाकूड पारखा
चाकणच्या कारखान्यांतून भंगारात निघणाऱ्या लाकडी पॅलेटचे परसदारी उत्तम खुराडे होते. परंतु त्यावरील शिक्का आधी वाचावा. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने निर्जंतुक केलेले लाकूड, ते घ्यावे. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले, ते टाळावे. रसायनांचे डाग असलेली फळीही नको.

सहा कोंबड्यांना आत १२ आणि बाहेर ६० चौरस फूट जाळीबंद अंगण पुरते. मुंगूस उकरून शिरते, म्हणून जाळी फूटभर पुरावी. वर छप्पर घालावे, म्हणजे रानपाखरांची विष्ठा आत पडणार नाही. २००६ साली नवापुरात देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला होता, हे स्मरणात असू द्यावे. कोंबड्या एकाएकी मरू लागल्यास मुलांना दूर ठेवून, मेलेल्या पक्ष्यांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.