अंदाज आणि माप

आमच्या घरात दोन तऱ्हेची मापं नांदत होती. एक आईचं, दुसरं बाबांचं. आईनं आयुष्यात कधी चमच्यानं मीठ मोजलं नाही. वीस पानांची पंगत असो की घरच्या चौघांचं वरण, तिची चिमूट चुकत नसे. बाबा सदरमध्ये एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. मंगळवारी बाजाराच्या अंगाला दवाखाना होता. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायची आणि बाबांनी पडद्यामागच्या टेबलावर मिक्श्चर तयार करायचं, असा तो काळ. आईच्या चिमटीचं त्यांना कौतुक होतं. पण दवाखान्यात नव्या पोरानं औषध मोजताना मेजर ग्लासात वरून डोकावलं की ते खवळत. "डोळ्याच्या रेषेत धर. वरून पायशील तं जास्त दिसते, खालून पायशील तं कमी. अंदाज घरी, तुह्या मायच्या हाती. इथं माप!"

शाळा सुटली की मी त्यांच्याजवळ जाऊन बसे. बाटलीला चिकटवायची कागदी पट्टी कातरून देणं हे माझं काम. कागदाची घडी घालून दोन्ही कडांना खाचा पाडायच्या, पट्टी उलगडून डिंकानं बाटलीला लावायची. एक खाच म्हणजे एक डोस. ज्याला वाचता येत नसे त्यालाही ती पट्टी वाचता येई. बाबा शिकले ते ग्रेन, मिनिम, ड्रामच्या हिशेबात. ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं मेट्रिक मापं आली तेव्हा त्यांनी वहीत दोन्ही मापांचा तक्ता मांडून ठेवला होता. ती वही आणि दोन पारड्यांचा पितळी तराजू आजही माझ्या कपाटात आहे.

त्या टेबलावर एक गोष्ट मी पाहिली ती विसरलो नाही. अर्धा ग्रेन जहाल औषध त्या तराजूवर नेमकं तोलता येत नसे. पारडं हललं न हललं कळायचं नाही. मग बाबा तराजूला नीट पेलवेल एवढं औषध घेत आणि त्यात दुधाची साखर मिसळत. पण एकदम नाही. आधी औषधाएवढीच साखर घालून खलात घोटायची. मग जेवढं मिश्रण झालं असेल तेवढीच आणखी साखर, पुन्हा घोटायचं. असं करत दहा भागांत एक भाग औषध बसवायचं. आता पाच ग्रेन मिश्रण तोललं की त्यात अर्धा ग्रेन औषध नेमकं आलं. एकदम सगळी साखर ओतली तर कुठल्या पुडीत औषध जास्त जाईल आणि कुठल्या पुडीत नुसती साखर, याचा भरवसा नाही. बाटलीवरचं नाव ते तीनदा वाचत. फळीवरून काढताना, मोजताना आणि परत ठेवताना.

हे सगळं पुन्हा आठवायचं कारण माझा पुतण्या. तो इंग्लंडात लेस्टरला असतो. गेल्या दिवाळीत आला तेव्हा पहिल्याच दिवशी म्हणाला, "काका, आजोबांचा तराजू दाखवा ना." मला वाटलं, आठवण म्हणून मागतो आहे. तसं नव्हतं. सिगारेट सुटावी म्हणून तो व्हेप ओढू लागला होता, आणि त्यात भरायचं लिक्विड घरीच तयार करत होता. विकतच्यापेक्षा स्वस्त पडतं म्हणाला. यंत्र मात्र तिकडेच ठेवून आला होता. आपल्याकडे १८ सप्टेंबर २०१९ च्या वटहुकमानं आणि त्याच वर्षीच्या कायद्यानं ई-सिगारेट बनवायला, आणायला, विकायला, साठवायला बंदी आहे.

त्यानं मला त्याची कृती सांगितली. ऐकताना मी पुन्हा त्या पडद्यामागच्या टेबलाशी जाऊन बसलो. ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल, वासाचा अर्क आणि निकोटिन एवढाच माल. तिकडे एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटिन असलेलं द्रव ग्राहकाला विकता येत नाही, आणि निकोटिनची बाटलीही १० मिलिलिटरहून मोठी नसते. त्याच्याकडच्या बाटलीत मिलिलिटरला १८ मिलिग्रॅम, म्हणजे १० मिलिलिटरमध्ये १८० मिलिग्रॅम. ते बिननिकोटिनच्या ५० मिलिलिटर द्रवात ओतलं की ६० मिलिलिटर होतात. १८० भागिले ६०, मिलिलिटरला तीन मिलिग्रॅम. हिशेब चोख होता.

"पण काका, गेले दोन महिने डोकं दुखून राहिलं. छातीत धडधडते कधीकधी."

"द्रव मोजतोस कशानं?"

"डिजिटल काट्यावर. आधी अर्क जास्त होता म्हणून तो सोडला, आता नुसतं ग्लिसरीन घेतो. ५० मोजतो, त्यात निकोटिनची एक बाटली."

"पन्नास काय?"

तो थांबला. काटा मोजतो ग्रॅममध्ये आणि हिशेब होता मिलिलिटरचा. पाण्याला हे चालून जातं, ग्लिसरीनला नाही. त्याचं वजन मिलिलिटरला १.२६ ग्रॅम. ५० ग्रॅम ग्लिसरीन म्हणजे ४० मिलिलिटरच्याही आतच. त्यात निकोटिनचे १० मिसळले तर एकूण झालं ५० च्या आसपास. १८० भागिले ५०, म्हणजे ३.६. दर झुरक्याला पाचव्या हिश्शानं जास्त निकोटिन जात होतं, आणि काटा तर शंभराव्या भागापर्यंत अचूक दाखवत होता! ५० मिलिलिटर हवं असेल तर काट्यावर ६३ ग्रॅम यायला हवेत, हे मी त्याला बाबांच्या वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं. तोलणं वाईट नव्हे. उलट ग्लिसरीन मेजर ग्लासाच्या भिंतीला चिकटून राहतं, म्हणून तोलणंच बरं. फक्त आपण काय मोजतो आहोत ते ठाऊक पाहिजे. बाटली नीट हलवली नाही तर खालचं द्रव वेगळं आणि वरचं वेगळं, हेही सांगितलं. वासाचा अर्क तो थेंबांनी मोजत असे. थेंब हे माप नव्हे. ड्रॉपरचं तोंड आणि द्रवाचा दाटपणा बदलला की थेंब बदलतो.

निकोटिनची गोष्टच तशी आहे. १८२८ साली हायडेलबर्गच्या पोसेल्ट आणि रायमान या दोघांनी तंबाखूतून ते वेगळं काढलं. शुद्ध स्वरूपात ते तेलकट द्रव असतं आणि कातडीतूनही अंगात शिरतं. किती पोटात गेलं की मोठा माणूस दगावतो? पुस्तकांत वर्षानुवर्षं ६० मिलिग्रॅम छापलं जाई. २०१४ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझचे बर्न्ड मायर यांनी त्या आकड्याचं मूळ शोधलं, तर तो एकोणिसाव्या शतकातल्या डळमळीत प्रयोगांवरून उतरवत आणलेला निघाला. खरा आकडा ५०० मिलिग्रॅमच्या वर असावा, असं त्यांचं म्हणणं. म्हणून कोणी निर्धास्त होऊ नये. घरात लहान मूल असेल तर ती दहा मिलिलिटरची बाटलीही कुलपातच हवी.

बरं, माप अगदी बरोबर आलं, तरी बाटलीत लिहिलं आहे तेच आहे का? बाबा तीनदा नाव वाचत ते याच धास्तीनं. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात रुग्णांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. १४ जण गेले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. परिचारिकांनी डोस बरोबरच मोजला असेल. छिंदवाडा रोड आमच्या सदरमधून उत्तरेला निघतो. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याच वाटेनं परासिया भागातली मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत येत होती. खोकल्याच्या औषधात तेच डायएथिलीन ग्लायकॉल होतं, तपासणीत ४८.६ टक्के निघालं, चालतं ते फार तर ०.१ टक्का. वीसहून अधिक मुलं गेली. त्यांच्या आयांनीही चमचा काठोकाठ, बरोबर भरला असेल. पुतण्याच्या बाटलीतलं ग्लिसरीन आणि ग्लायकॉल याच घराण्यातलं. शिवाय पोटाला चालणारा वासाचा अर्क फुप्फुसाला चालेलच असं नाही. अमेरिकेत २०१९ साली व्हेपमधून ओढलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटनं शेकडो तरुणांची फुप्फुसं जायबंदी झाली.

हे सगळं मी मोठ्या अधिकारानं सांगत होतो. पुतण्या ऐकत होता. मग त्यानं सहज विचारलं, "काका, आजोबांच्या खर्र्यात किती मिलिग्रॅम असेल?"

मला उत्तर देता येईना.

बाबा खर्रा खात. नागपुरात हे सांगायला लाज वाटण्यासारखं काही नव्हतं आणि नाही. दुपारी दवाखाना बंद झाला की हात धुऊन ते कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर उभे राहत. ठेलेवाला पन्नीवर सुपारी टाकी, चिमूटभर तंबाखू, बोटाच्या टोकावरचा चुना, आणि पन्नी दुमडून घोटू लागे. खलबत्त्यावर पोरांना धारेवर धरणारे बाबा तिथं म्हणत, "तंबाखू थोडा वाढव बाप्पा, अन् चुना हात राखून." ग्रेनचा हिशेब करणारा माणूस तिथं चिमटीवर भागवत होता. वास्तविक चुन्याचं बोट हेही एक मापच आहे. चुन्याच्या क्षारामुळे तंबाखूतलं निकोटिन मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या कातडीतून झपाट्यानं रक्तात जातं. चुना वाढला की तंबाखू तेवढाच असूनही डोस वाढतो. हे बाबांना माहीत नसेल असं मला वाटत नाही. आणि सुपारीला तर मापच नाही. ती एकटीसुद्धा कर्करोगकारक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ साली जाहीर केलं. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पुढच्या वर्षी सुगंधित तंबाखू आणि सुपारीवरही. तोवर आमच्याकडे उशीर झाला होता.

आधी तिखट लागेनासं झालं. मग तोंड उघडेना. निरोगी माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी मावतात. बाबांच्या दोन मावू लागली, मग एक. शेवटच्या महिन्यांत आई पेज चमच्यानं भरवी. तिनं तेव्हा पहिल्यांदा चमचे मोजले. "आज सात गेले," असं ती संध्याकाळी मला सांगे. त्या आजारपणात बाबांनी एकदा वही मागवून घेतली आणि स्वतःच्या दुखण्याच्या औषधाच्या वेळा त्यात लिहून ठेवल्या, मिलिग्रॅमसकट. तेच सुबक अक्षर. त्या पानावर खर्र्याचा हिशेब नाही. कुठल्याच पानावर नाही.

पुतण्याला मी एवढंच म्हणालो, "तुझ्या आजोबांचं कोणी मोजलं नाही. तुझं तू मोजू शकतोस. एका मिलिलिटरमध्ये किती, हे तू काढलंस. दिवसाला किती मिलिलिटर ओढतोस?"

त्यानं ते कधी मोजलं नव्हतं. तराजू त्यानं नेला नाही. विमानात पितळेचं ओझं नको म्हणाला. वहीच्या त्या पानाचा फोटो तेवढा काढून नेला.

महिन्याभरानं रविवारी त्याचा फोन आला. "काका, आठवडाभर लिहून काढलं. दिवसाला बारा मिलिलिटर पडते." तीनच्या हिशेबानं छत्तीस मिलिग्रॅम, रोजचे. आकडा सांगितल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मीही बोललो नाही. ठेल्यावरून परत येताना बाबा एखाद्या दुपारी एवढा वेळ गप्प झाले असते, तर बरं झालं असतं.