माथेरानला मंडळाची बैठक घ्यायची? आधी शेवटचे तीन किलोमीटर मोजा

नेरळ / प्रतिनिधी : महाड, पोलादपूर, म्हसळा भागातल्या कितीतरी गावांची मंडळं घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीत आहेत. गावची पाणी योजना, शाळेची खोली, देवळाचा जीर्णोद्धार, पालखीचा खर्च, सगळं या मंडळांच्या वर्गणीवर बरंच अवलंबून असतं. बैठक होते ती कुणाच्या चाळीच्या व्हरांड्यात, शाळेच्या वर्गात नाहीतर सोसायटीच्या गच्चीवर. तासाभरात उरकते. निम्मे लोक उभे, निम्मे घड्याळ बघत. गाववाल्यांपैकी एखाद-दुसराच पोचतो.

मग कुणीतरी सुचवतं, ‘या वर्षी माथेरानला भेटूया. एक मुक्काम करू, निवांत बोलू. मुंबईकर लोकलने येतील, गाववाले पेण-खोपोली-कर्जतवरून येतील.’ कल्पना चांगली आहे. पण माथेरान म्हणजे लोणावळा नव्हे, की गाडी थेट हॉटेलच्या दारात लागेल. नियोजन चुकलं तर चर्चा राहते बाजूला आणि वर्गणीचे पैसे वाहतुकीतच संपतात. वरून वयस्कर सभासद नाराज होतात ते वेगळंच. म्हणून ठरवण्याआधी काय काय बघायचं, ते इथे क्रमाने देत आहोत.

माथेरान वेगळं का?

माथेरान आपल्याच कर्जत तालुक्यात, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर उंचीवर आहे. ठाण्याचे त्या वेळचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये ही जागा हेरली, असं सांगितलं जातं. नेरळहून वर जाणारी छोटी रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली, ती आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधली. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान व आसपासचा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला.

इथे खासगी मोटारगाडीला बंदी आहे. गाडी दस्तुरी नाक्यापर्यंतच जाते. तिथून बाजारपेठ साधारण तीन किलोमीटर. रुग्णवाहिका, अग्निशमनाचा बंब अशांना सूट आहे, बाकी मंत्री असो की सरपंच, गाडीतून उतरावंच लागतं. माथेरानची शांतता या बंदीमुळेच टिकली आहे, आणि बैठकीच्या नियोजनातली खरी अडचणही तीच आहे.

ठराव खाली, चर्चा वर

पहिला प्रश्न पैशाचा नाही, हक्काचा आहे. मंडळाची वार्षिक सर्वसाधारण सभा, म्हणजे जिथे हिशेब मंजूर होतो, पदाधिकारी निवडले जातात, ती डोंगरावर घेऊ नये. ज्याला रजा मिळत नाही, ज्याचे गुडघे दुखतात, जिचं मूल तान्हं आहे, ज्याच्याकडे मुक्कामाचे पैसे नाहीत, असा सभासद मतापासून वंचित राहतो. नंतर तोच विचारतो, ‘आम्हाला टाळायलाच वर नेलं होतं का?’ त्यावर उत्तर देणं अवघड जातं.

नोंदणीकृत मंडळाने आपली घटना काढून बघावी. सूचना किती दिवस आधी द्यायची, गणपूर्ती किती, हे त्यात लिहिलेलं असतं. उपनगरातल्या गृहनिर्माण सोसायट्याही अशा सहली काढतात. त्यांची वार्षिक सभा कायद्याने ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते आणि तिची सूचना पूर्ण चौदा दिवस आधी द्यावी लागते. तेव्हा ठरावाची सभा मुंबईतच घ्यावी. माथेरानला घ्यायचं ते चर्चेचं शिबिर, म्हणजे गावाला पुढच्या पाच वर्षांत काय हवं, वर्गणी कशी वाढवायची, तरुण पोरं मंडळात का येत नाहीत, अशा विषयांवर. तिथे जे सुचेल ते कागदावर उतरवून आणायचं आणि सगळ्यांसमोर सभेत ठेवायचं.

तारीख कुणाच्या सोयीची?

मुंबईकर सुट्टी बघतो, शेतकरी शेत बघतो. जून-जुलैत पेरणी-लावणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात भाताची कापणी-झोडणी. त्या काळात गावचा माणूस हलत नाही. गणपती आणि शिमग्याला तर मुंबईकरच गावी येतो. मे महिना, दिवाळीची सुट्टी आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा माथेरानला सगळ्यात जास्त गर्दी असते, खोल्यांचे दर चढलेले असतात.

पावसाळ्यात खोल्या स्वस्त मिळतात, पण पाऊस मोठा, धुकं दाट आणि लाल मातीचा चिखल. नेरळहून वर जाणारी छोटी गाडी पावसाळ्यात बंद ठेवली जाते. अमन लॉज ते माथेरान एवढी शटल मात्र चालते.

उरतात जानेवारी आणि फेब्रुवारी. झोडणी झालेली, हवा थंड, आंब्या-काजूची धावपळ अजून लांब. सुट्टीला जोडून आलेला शनिवार-रविवार टाळला की खोल्याही मिळतात आणि हॉटेलवाला भावही नीट बोलतो.

नेरळपर्यंत कसं यायचं?

घाटकोपरच्या लोकांनी कर्जत किंवा खोपोली लोकल धरावी, साधारण दीड तासात नेरळ. मुलुंडकरांना जलद गाडी सोयीची नसेल तर ठाण्यात येऊन कर्जत गाडी धरता येते. अंधेरीच्या लोकांना दादरला जाऊन गाडी बदलायची गरज नाही. २०१४ पासून सुरू असलेल्या वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोने घाटकोपरला यायचं आणि तिथून मध्य रेल्वे. बोरिवलीकरांनाही अंधेरीपर्यंत लोकलने येऊन हाच मार्ग धरता येतो.

सगळ्यांनी एकाच लोकलमध्ये चढायचा हट्ट करू नये. सामान आणि वयस्कर माणसं घेऊन सकाळच्या गर्दीत चुकामूक होते. ‘अमुक वाजता नेरळ स्टेशनबाहेर भेटायचं’ एवढंच ठरवावं. चार-पाच जणांमागे एक जबाबदार माणूस नेमावा, त्याच्याकडे आपापल्या गटाचे फोन नंबर असावेत. गावाकडून येणाऱ्यांचा एक माणूस आणि मुंबईकरांचा एक माणूस सतत बोलत राहिला की अर्धी कटकट मिटते.

नेरळ ते दस्तुरी

छोट्या गाडीची सगळ्यांनाच हौस असते. २१ किलोमीटरचा वळणावळणाचा प्रवास, दोन तासांहून जास्त वेळ. पण डबे मोजके आणि फेऱ्याही मोजक्या. साठ माणसं एकाच गाडीत मावतील असं गृहीत धरू नये. २००५ च्या अतिवृष्टीत आणि पुन्हा २०१९ मध्ये हा मार्ग वाहून खराब झाला होता. २०१९ नंतर पूर्ण मार्ग सुरू व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडलं. गाडी चालू आहे का, हे निघण्याआधी रेल्वेकडे विचारूनच घ्यावं.

बाकीच्यांसाठी नेरळ स्टेशनबाहेर टॅक्सी मिळतात. हिशेब सोपा आहे, एका गाडीत पाच जण धरले तर साठ जणांना बारा फेऱ्या. सगळ्या टॅक्सी एकाच वेळी मिळत नाहीत. म्हणजे पहिला माणूस आणि शेवटचा माणूस यांच्यात तास-दीड तासाचं अंतर पडणार. कार्यक्रम अकराला ठेवला आणि लोक साडेबाराला जमले, असं होतं ते इथेच.

खरी परीक्षा दस्तुरी नाक्यावर

नाक्यावर नगरपरिषदेचा प्रवेशकर माणशी भरावा लागतो. मंडळाच्या एका माणसाने डोकी मोजून एकदम भरावा आणि पावती जपून ठेवावी. पुढे पर्याय असे :

– चालत : धडधाकट माणसाला पाऊण तास. रस्ता सावलीचा आहे, पण चढ-उतार आणि धूळ आहे.

– शटल : अमन लॉज स्टेशन नाक्याजवळच आहे, तिथून माथेरान स्टेशन बाजारातच. वयस्करांना हे सगळ्यात बरं. सुटीच्या दिवशी रांग लागते.

– घोडा : हौसेला ठीक. ज्याला सवय नाही, पाठीचा त्रास आहे, त्याने बसू नये.

– ई-रिक्षा : २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या. संख्या थोडी आहे, स्थानिक लोक आणि शाळेची मुलंही त्यावरच अवलंबून असतात. अख्ख्या मंडळाने त्या अडवून ठेवणं बरं नव्हे.

– हातरिक्षा : माणसाने माणूस ओढायची ही पद्धत सहा महिन्यांत बंद करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑगस्ट २०२५ रोजी दिला. ओढणाऱ्यांना ई-रिक्षा भाड्याने मिळाव्यात, असंही न्यायालयाने सांगितलं. त्यामुळे ‘आजीला हातरिक्षात बसवू’ असा हिशेब आता धरू नये.

दराची बोलणी इथेच फिसकटतात. नाक्यावर पर्यटकांची दिशाभूल होते, या तक्रारीवरून मार्च २०२५ मध्ये माथेरानकरांनी स्वतःच गाव बंद ठेवलं होतं. दुसरी बाजूही समजून घ्यायला हवी. घोडेवाला, हमाल, रिक्षा ओढणारा, यांचं पोट या तीन किलोमीटरवरच आहे. त्यांच्याकडे शेत नाही की दुसरा धंदा नाही. तेव्हा दरफलक बघावा, दर आधी ठरवावा, आणि ठरलेले पैसे न कुरकुरता द्यावेत. साठ जणांनी साठ ठिकाणी घासाघीस करण्यापेक्षा एका माणसाने सगळ्यांचं बोलून घ्यावं. हॉटेलवाल्याला आधी सांगितलं तर हमालांची सोय तोही करून देतो.

सामान, पाणी, जेवण

वर जे काही विकत मिळतं ते माणसाच्या किंवा घोड्याच्या पाठीवरून, नाहीतर हातगाडीवरून गेलेलं असतं. म्हणून पाण्याच्या बाटलीपासून गॅस सिलिंडरपर्यंत सगळ्याला वाहतूक चढते. मांडव, मोठे स्पीकर, आचाऱ्याची भांडी खालून नेण्याचा बेत करू नका. ज्या हॉटेलात बसायला हॉल, खुर्च्या आणि साधा माईक आहे तेच धरा. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, हा नियम सगळीकडचाच आहे.

पाणी जपून वापरा. शार्लोट तलाव आणि खालून उल्हास नदीचं चढवलेलं पाणी, यावर गाव चालतं. प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोलच्या ताटल्या नेऊ नका. माकडं हातातला खाऊ ओढतात. संध्याकाळी पॉइंटवर गेलात तर कड्याच्या टोकाला उभं राहून फोटो काढू नका, पोरांना हाताला धरा. मधुमेह, रक्तदाबाच्या गोळ्या ज्याच्या त्याने खिशातच ठेवाव्यात, हमालाच्या ओझ्यात नकोत.

कार्यक्रम किती ठेवायचा?

कमी. पहिल्या दिवशी दुपारी जेवण, तीन ते साडेपाच चर्चा, मग पॉइंट. रात्री जेवणानंतर भजन नाहीतर गप्पा. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ ते अकरा चर्चा, अकराला आवरून दुपारी खाली. एका बैठकीत दोनच विषय घ्यावेत. बायका आणि तरुण पोरं बोलतील अशी वेळ मुद्दाम राखावी, नाहीतर नेहमीचे चारजणच बोलतात. कोण काय म्हणालं, ते एकाने वहीत लिहावं.

हिशेब चुकवू नका

जाण्याचा खर्च ज्याचा त्याने करावा की मंडळाने, हे आधी ठरवून गटावर टाकावं. गावच्या कामासाठी जमलेली वर्गणी या सहलीत वापरू नये. तो पैसा कुणी रिक्षा चालवून, कुणी धुणीभांडी करून दिलेला असतो. शिबिराची वर्गणी वेगळी, पावती वेगळी. ज्याला परवडत नाही त्याला खर्चात सूट द्यावी, पण त्याचं नाव चारचौघांत न घेता. परत आल्यावर आठवड्याच्या आत जमा-खर्च सगळ्यांना दाखवावा.

यादी कुणापासून सुरू करायची?

ठरवताना बहुतेक जण आधी हॉटेल बघतात. तसं न करता सगळ्यात वयस्कर सभासदाचं नाव पहिलं लिहा. ती व्यक्ती दस्तुरीहून वर कशी जाणार आणि परत कशी येणार, याचं उत्तर मिळालं तर बाकीचे एकोणसाठ आपोआप पोचतात. उत्तर मिळालं नाही तर खाली नेरळ-कर्जत भागात एखादं कार्यालय घ्या. ज्यांना हौस आहे त्यांनी दुसऱ्या दिवशी वर जाऊन यावं. त्यात कमीपणा काही नाही.

शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढणारे आणि १९४३ मध्ये सिद्धगडावर हुतात्मा झालेले भाई कोतवाल हे माथेरानचेच. त्यांचं काम मात्र खाली, गावागावांत होतं. डोंगरावर बसून केलेली चर्चा खाली गावात कामाला आली, तरच मंडळाचा तो खर्च सार्थकी लागला म्हणायचा.