चिनी निर्यातबश्यांचा कालनिर्णय

चीन देशांतील चिंगतेचेन येथें घडलेल्या चिनी मातीच्या बश्या सोळाव्या शतकापासून प्रथम पोर्तुगीज व पुढें डच, इंग्रज आदि व्यापाऱ्यांच्या जहाजांतून यूरोपांत जाऊं लागल्या. अशा बश्या संग्रहीं ठेवणारास मुख्य प्रश्न पडतो तो कालाचा. बुडावर बादशहाचें नांव असलें म्हणजे तो सुटला, असा समज पुष्कळांचा असतो. परंतु तो ग्राह्य नाहीं.

पोथीचा नकलकार कित्येकदां मूळ प्रतींतील शक जसाच्या तसा उतरतो. म्हणून केवळ त्यावरून हातच्या प्रतीचें वय ठरत नाहीं. नाममुद्रेचेंही तसेंच आहे. चेंगह्वा बादशहाची कारकीर्द इ. स. १४६५ ते १४८७. पण त्याचें नांव कांग्शी बादशहाच्या अमदानींतील (१६६२-१७२२) भांड्यांवर वारंवार आढळतें. १६७७ सालीं तेथील अंमलदारानें चालू बादशहाचें नांव भांड्यांवर घालण्यास मनाई केली, हें त्याचें एक कारण. जुन्या कारागिरीविषयींचा आदर हें दुसरें.

मग प्रमाण कोणतें मानावें? पहिलें, बुडालेलीं जहाजें. 'व्हिटे लेउ' हें डच जहाज १६१३ सालीं सेंट हेलेना बेटापाशीं बुडालें. 'गेल्डरमाल्सन' हें १७५२ च्या जानेवारींत दक्षिण चिनी समुद्रांत बुडालें; त्यांतील सुमारें दीड लाख नग १९८५ सालीं वर काढण्यांत आले. या नगांची उत्तरमर्यादा निश्चित असल्यानें तत्सदृश बश्यांस ते तुलनेचा आधार होतात. दुसरें, रंग. गुलाबी मिना चिनी कारागिरांच्या हातीं १७२० च्या सुमारास आला. तो जीवर आहे ती बशी चेंगह्वाकालीन असणें शक्य नाहीं. तिसरें, यूरोपीय घराण्यांचीं कुलचिन्हें. ढालीच्या एका अर्धांत पतीचें व दुसऱ्यांत पत्नीचें चिन्ह असल्यास त्यांच्या विवाहाचें साल बहुधा पूर्वमर्यादा ठरतें.

मात्र कुलचिन्हही एकटें पुरेसें नाहीं. १८४५ त स्थापन झालेल्या पॅरिसच्या सामसों कारखान्यानें अशा बश्यांच्या हुबेहुब नकला केल्या आहेत. म्हणून माती, झिलई व बुडाची झिलईविरहित कड यांची परीक्षा आधीं करावी, चिन्हाचा विचार मागाहून.

जुन्या गोव्यांतील संत ऑगस्टीनच्या मठाच्या उत्खननांतही चिनी मातीचे तुकडे मिळाले आहेत. असे तुकडे टाकाऊ मानूं नयेत. कोठें व कोणत्या थरांत सांपडला याची नोंद असलेला तुकडा, ठावठिकाणा हरवलेल्या अखंड बशीपेक्षां इतिहासास अधिक उपयोगी होय.