एजंटचा खर्च धरायचा कसा?

एआय एजंटच्या खर्चाचा अंदाज अनेकदा चॅटबॉटच्या हिशेबानेच बांधला जातो: प्रश्नांची संख्या गुणिले टोकनचा, म्हणजे मजकुराच्या छोट्या तुकड्याचा, दर. तो चुकतो, कारण एजंट एकाच कामासाठी मॉडेलला पुन्हापुन्हा विचारतो आणि दर वेळी आधीचा सगळा मजकूर सोबत पाठवतो. प्रत्येक पायरीला २,००० टोकनची भर पडत असेल, तर १० पायऱ्यांत एकूण १,१०,००० टोकन वाचले जातात आणि २० पायऱ्यांत ४,२०,०००. पायऱ्या दुप्पट, वाचलेले टोकन जवळपास चौपट. देवनागरी मजकुराला इंग्रजीपेक्षा सहसा जास्त टोकन लागतात, हेही मराठी ग्राहकसेवेच्या अंदाजपत्रकात धरायला हवे.

दर तर घसरतच आहेत, मग चिंता कशाला, असे यावर म्हटले जाते. घसरण खरी आहे. मार्च २०२३मध्ये जीपीटी-४चा दर दहा लाख इनपुट टोकनला ३० डॉलर होता. मे २०२४मध्ये जीपीटी-४ओ ५ डॉलरला आले. पण दर उतरले की एजंटवर अधिक लांबलचक कामे सोपवली जातात आणि तर्क करणारी मॉडेल उत्तराआधीच पुष्कळ टोकन खर्चतात, तेही महागड्या आउटपुट दराने. पुन्हा पाठवलेल्या मजकुरावर कॅशिंगची, म्हणजे तो साठवून पुन्हा वापरल्याची, मोठी सवलत मिळते, आउटपुटवर मात्र नाही. म्हणून हिशेबाचे एकक टोकन नव्हे, पूर्ण झालेले काम असावे. त्यात फसलेले प्रयत्न आणि तपासणाऱ्या माणसाचा पगारही मिळवावा. नुसत्या सरासरीवर तर मुळीच विसंबू नये, कारण मोजकी भरकटलेली कामेही बिल फुगवू शकतात. आधी काहीशे खरी कामे चालवून पाहा, प्रत्येक कामाला पायऱ्यांची मर्यादा घाला आणि मगच वर्षाचा आकडा मंजूर करा.