संकटकाळीच मोबाइल मुका का होतो?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मुंबईची उपनगरे पाण्याखाली गेली. लाखो माणसे कार्यालयांत, रस्त्यांवर आणि लोकलगाड्यांत अडकून पडली. खिशात मोबाइल असूनही अनेकांना घरच्यांशी दोन शब्द बोलता आले नाहीत. पुढच्याच वर्षी, ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत बॉम्बस्फोट झाले, तेव्हाही फोन लागता लागत नव्हते. वास्तविक त्या दिवशी पूर नव्हता आणि टॉवरही शाबूत होते. दोन्ही वेळी परिणाम एकच झाला, कारणे मात्र निरनिराळी होती. ती समजून घ्यायची, तर मोबाइलची यंत्रणा मुळात चालते कशी, हे पाहावे लागते.

बिनतारी प्रवास थोडाच

मोबाइल हा वस्तुतः एक छोटा दुहेरी रेडिओ आहे. आपण बोलतो तो आवाज आधी विद्युतसंकेतांत आणि नंतर अंकांत रूपांतरित होतो. हे अंक रेडिओलहरींवर आरूढ होऊन सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर वेगाने निघतात. मात्र हातातल्या या यंत्राची शक्ती अगदी बेताची असते. ९०० मेगाहर्ट्झवरील जीएसएम फोनची कमाल प्रक्षेपणशक्ती दोन वॅट, तर ४-जी फोनची साधारणतः ०.२ वॅट असते. एवढ्या शक्तीत जवळचा टॉवर गाठता येतो, त्यापलीकडे फारसे जाता येत नाही.

पुण्याहून नागपूरला लावलेल्या फोनचा म्हणूनच पहिला आणि अखेरचा टप्पा तेवढा हवेतून पार पडतो. मधली सारी वाट प्रामुख्याने जमिनीखालच्या ऑप्टिकल फायबरमधून जाते. टॉवरकडे नीट पाहिले तर ही विभागणी दिसते. त्यावरच्या उभ्या, लांबट पेट्या म्हणजे मोबाइलशी बोलणारे अँटेना. ढोलासारख्या गोल तबकड्या एका टॉवरचा संदेश दुसऱ्या टॉवरकडे धाडतात. फायबर पोहोचलेले नसेल, तेथे त्यांचा उपयोग होतो.

पोळ्याच्या घरांचे शहर

आकाशवाणीचे एकच केंद्र लाखो श्रोत्यांना पुरते, कारण श्रोते केवळ ऐकतात. मोबाइलवर प्रत्येकाला बोलायचेही असते. त्यासाठी प्रत्येक संभाषणाला लहरींच्या पट्ट्यात स्वतंत्र जागा लागते आणि ही जागा, म्हणजेच स्पेक्ट्रम, मर्यादित आहे. १९७६ मध्ये न्यूयॉर्कसारख्या महानगरात बेल कंपनीच्या मोटारफोन सेवेकडे अवघ्या १२ मार्गिका होत्या. ग्राहक होते ५४३ आणि प्रतीक्षायादीत ३,७०० हून अधिक नावे होती.

यावरचा तोडगा अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डग्लस रिंग यांनी १९४७ मध्येच मांडला होता. एका उंच, शक्तिशाली मनोऱ्याऐवजी शहराचे मधमाश्यांच्या पोळ्यासारखे लहान लहान भाग पाडावेत आणि प्रत्येक भागात कमी शक्तीचा मनोरा उभारावा, अशी ती कल्पना होती. शेजारच्या घरांत वेगळ्या लहरी वापरायच्या. थोडे दूर गेले, की पहिल्याच लहरी पुन्हा वापरता येतात. यातील प्रत्येक घर म्हणजे ‘सेल’. ‘सेल्युलर फोन’ हे नाव त्यावरूनच आले.

भारतात ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दळणवळणमंत्री सुखराम यांच्याशी पहिले मोबाइल संभाषण केले. त्या काळच्या परवान्यांत कंपन्यांना प्रत्येक दिशेसाठी ४.४ मेगाहर्ट्झपर्यंत स्पेक्ट्रम मिळत असे. जीएसएम पद्धतीत २०० किलोहर्ट्झचा एक भाग आळीपाळीने आठ जणांना वापरता येतो. या हिशेबाने २२ भाग आणि १७६ संभाषणे होतात. साऱ्या शहराला एकच टॉवर असता, तर त्या कंपनीच्या १७७ व्या ग्राहकाला ताटकळावे लागले असते. तेवढ्याच लहरी शेकडो सेलमध्ये पुनःपुन्हा वापरल्या गेल्या, म्हणूनच मोबाइल सर्वसामान्यांच्या हाती आला.

टॉवरची संख्या का वाढते, याचे उत्तरही येथेच आहे. गृहसंकुलांतून टॉवरला विरोध होतो, त्यामागे उत्सर्जनाची भीती असते. केंद्र सरकारने सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली होती. मात्र टॉवर दूर गेला, की कानाशी धरलेला मोबाइल त्याला गाठण्यासाठी अधिक शक्तीने प्रक्षेपण करतो, ही बाब या वादात सहसा ध्यानात घेतली जात नाही.

फोन नेमका सापडतो कसा?

मोबाइल वापरात नसतानाही अधूनमधून यंत्रणेला आपला ठावठिकाणा कळवत असतो. कोणी आपल्याला फोन केला, की यंत्रणा ही नोंद पाहते, त्या परिसरातील टॉवरवरून पुकारा करते आणि मोबाइलने ‘ओ’ दिली, की मार्गिका जोडून देते. दादरहून ठाण्याला निघालेला प्रवासी लोकलमध्ये बोलत असतो, तेव्हा वाटेत त्याचे संभाषण कित्येकदा एका टॉवरकडून दुसऱ्याकडे सोपवले जाते. पुढच्या टॉवरवर जागा नसेल, तर बोलणे मध्येच तुटते.

दोन दिवस, दोन कारणे

प्रत्येक टॉवरवर एका वेळी ठरावीक संख्येनेच माणसे बोलू शकतात. सर्व ग्राहक एकाच क्षणी बोलणार नाहीत, हे गृहीत धरून ही संख्या ठरवली जाते आणि एरवी ते गृहीतक बरोबरही असते. ११ जुलैच्या संध्याकाळी मात्र सारे शहर एकाच वेळी आपापल्या माणसांना शोधत होते. मार्गिका भरल्या, फोन न लागल्याने लोकांनी पुनःपुन्हा बटणे दाबली आणि कोंडी अधिकच वाढली.

२६ जुलैला गर्दीच्या जोडीला विजेचा प्रश्न होता. टॉवरला वीज लागते. ती गेली, की बॅटरी काही तास तग धरते, पुढे डिझेल जनित्रावर भिस्त असते. पाण्याने वेढलेल्या टॉवरपर्यंत डिझेल पोहोचले नाही किंवा जनित्रच बुडाले, की तो सेल मुका होतो. मोबाइलची बॅटरी भरलेली असून तेथे काही उपयोग नसतो.

त्यानंतर तंत्रज्ञान बरेच पुढे गेले. भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी ५-जी सेवेचा प्रारंभ झाला आणि टॉवरची क्षमता अनेक पटींनी वाढली. स्पेक्ट्रमची मर्यादा आणि विजेची गरज मात्र सुटलेली नाही.

अशा वेळी काय करावे?

फोन लागत नसेल, तर सतत बटण दाबण्यापेक्षा साधा एसएमएस पाठवावा. त्याला संभाषणाइतकी जागा लागत नाही. तो तत्काळ पोहोचला नाही, तरी संदेश केंद्रात साठून राहतो आणि पुन्हा धाडला जातो. एका एसएमएसमध्ये देवनागरीची ७० चिन्हे मावतात, काना-मात्राही त्यांत मोजल्या जातात. ‘सुखरूप आहे, काळजी नको’ एवढे कळवायला ती पुरेशी आहेत. बोलणे अपरिहार्य असेल, तर ते थोडक्यात उरकावे. मोकळी झालेली मार्गिका दुसऱ्या कोणाच्या तरी कामी येते. आपल्या कंपनीचे जाळे बंद पडले असले, तरी ११२ या आपत्कालीन क्रमांकावरचा फोन परिसरातील दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावरून जाऊ शकतो.

सरकारने २०२३ मध्ये मोठ्या आवाजात मोबाइलवर धाडलेले चाचणी संदेश अनेकांना आठवत असतील. ‘सेल ब्रॉडकास्ट’ नावाच्या या पद्धतीत टॉवर एकच संदेश परिसरातील सर्व मोबाइलना एकदम ऐकवतो. आकाशवाणीप्रमाणेच येथे ऐकणाऱ्यांची संख्या कितीही असली, तरी कोंडी होत नाही. पण त्यासाठीही टॉवर चालू असावा लागतो. तो बंद पडल्यावर बातमी पोहोचवणारे साधन म्हणून सेलवर चालणारा साधा ट्रान्झिस्टर पावसाळ्यात घरात असलेला बरा.