मोट्यांनी जमवलेली पत्रं

1972 साली दोन पुस्तकं निघाली. एक नागपूर विद्यापीठाचं: शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी 1969-70मध्ये विदर्भातल्या आमच्या पवनीत केलेल्या उत्खननाचा अहवाल. दुसरं मुंबईचे प्रकाशक ह. वि. मोटे यांचं: 'विश्रब्ध शारदा', खंड पहिला. त्या उत्खननात निघालेल्या पवनीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांनी आपली नावं दगडावर ब्राह्मीत कोरून घेतली, ती येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांनी वाचावीत म्हणून. मोट्यांनी जमवली ती एकानेच वाचायची पत्रं. 1817 ते 1947 या काळातली, नामवंतांची. पुढच्या खंडात रंगभूमी आणि संगीतवाल्यांचीही आली.

हे काम मोट्यांच्या हातून व्हावं यात गंमत आहे. 1933मध्ये त्यांनी 'कळ्यांचे निःश्वास' काढलं. लेखिका विभावरी शिरूरकर. ही कोण, यावर महाराष्ट्रभर तर्क लढले. बाई नव्हेच, कुणी पुरुष असणार, इथवर मजल गेली. बाळूताई खरे हे तिचं खरं नाव मोट्यांनी फुटू दिलं नाही. पुढे त्या मालतीबाई बेडेकर झाल्या, आणि त्यांचे पती विश्राम बेडेकर यांचं 'रणांगण'ही 1939मध्ये मोट्यांनीच छापलं. दुसऱ्याचं गुपित पोटात ठेवणाऱ्या प्रकाशकाकडेच घरातली पत्रं विश्वासाने सोपवावीशी वाटतात, असं माझं मत.

अशा खासगी पत्रांतच खरं कळतं असं एक नातं प्रकाशक आणि वृत्तपत्रवाले यांचं; छापील पानावर ते फार सभ्य दिसतं. अभिप्रायार्थ दोन प्रती पाठवायच्या, बदल्यात 'साभार पोच'मध्ये एक ओळ. जाहिरातीचा दर, थकलेलं बिल, अभिप्राय इतका का लांबला याची कुरबुर, हे सगळं पत्रांत. पण पत्र राहतं ते ज्याला आलं त्याच्याकडे. संवाद जुळवायचा तर प्रकाशकाचं घर आणि वृत्तपत्राची कचेरी, दोन्ही दारं ठोठावावी लागतात. त्यातलं एक दार बहुधा आधीच बंद झालेलं असतं.

नागपुरात गोपाळराव ओगल्यांचं 'महाराष्ट्र' हे वृत्तपत्र 1914पासून निघत होतं. विदर्भात पुस्तकं छापणारेही होते. त्यांची अशी पत्रं महाल-धंतोलीतल्या कुणाच्या माळ्यावर असतील, तर 1923पासून उभ्या असलेल्या विदर्भ साहित्य संघाने रद्दीवाल्याच्या आधी तिथे पोचावं.