मिनी डाळ मिल : यंत्र घेण्याआधी करा हिशेब

विदर्भ, मराठवाड्यात सोयाबीन आणि कपाशीमध्ये तुरीचे आंतरपीक मोठ्या प्रमाणावर घेतले जाते. बहुतांश शेतकरी तूर कच्चीच विकतात आणि वर्षभर लागणारी डाळ दुकानातून आणतात. त्यामुळे भावातील फरक, भरडाईची मजुरी आणि जनावरांची चुणी या तिन्ही गोष्टी गावाबाहेर जातात. गावातील छोटी डाळ मिल हा पैसा गावातच फिरता ठेवते आणि दोन-तीन जणांना कामही देते. अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने यासाठी मिनी डाळ मिल विकसित केली आहे. मात्र मिल बसवली म्हणजे नफा सुरू झाला, असे होत नाही.

नफा उताऱ्यात

समजा, तुरीचा दर ७० रुपये आणि डाळीचा ११० रुपये किलो आहे. १ क्विंटल तुरीपासून ७२ किलो डाळ मिळाली, तर तिचे ७,९२० रुपये होतात. २५ किलो चुणी व कळण्याचे २० रुपये दराने ५०० रुपये येतात. एकूण ८,४२० रुपयांतून तुरीचे ७,००० आणि मजुरी, वीज, पॅकिंगचे ८०० रुपये वजा केल्यास ६२० रुपये उरतात.

डाळीचा उतारा ६६ किलोवर आला आणि चुणी-कळणा ३१ किलो निघाला, तर हातात फक्त ८० रुपये राहतात. दर आणि खर्च आपल्या भागातील धरून हा हिशेब स्वतः करून पाहावा.

उतारा कसा टिकवावा?

- तूर स्वच्छ करून चाळणीने प्रतवारी करावी. लहान-मोठे दाणे एकत्र भरडल्यास तुकडा वाढतो.
- पहिल्या फेरीत सालीवर ओरखडे पाडून तेल-पाण्याची प्रक्रिया करावी. ढीग झाकून ठेवावा, नंतर उन्हात चांगला वाळवावा.
- दाणे ओलसर असताना भरडू नयेत. साल नीट सुटत नाही.

खेळते भांडवल विसरू नका

अनेक प्रस्तावांत फक्त यंत्र आणि शेडचा खर्च मांडलेला असतो. वरील दराने महिन्याला १०० क्विंटल तूर घ्यायची, तर ७ लाख रुपये लागतात. हंगामात तूर घेता आली नाही, तर मिल पुढे बंद राहते. कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत.

२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये कर्जाशी निगडित अनुदानाची तरतूद आहे. स्वतःचा हिस्सा किमान १० टक्के लागतो. बचत गटांना खेळते भांडवल व लहान अवजारांसाठी प्रति सदस्य ४० हजार रुपयांपर्यंत बीज भांडवलाची तरतूद आहे. अर्ज करण्यापूर्वी योजनेची सद्यःस्थिती तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारून घ्यावी.

सुरुवात मजुरीच्या कामाने

पहिल्या वर्षी शेतकऱ्यांची तूर मजुरीवर भरडून द्यावी. यात तूर खरेदीचे भांडवल अडकत नाही, हात बसतो आणि गिऱ्हाईक तयार होते. दुसऱ्या वर्षी पेलेल तेवढीच तूर विकत घ्यावी. पॅकिंग करून विकण्यापूर्वी अन्न सुरक्षा नोंदणी करावी. प्रत्येक घाण्याचा उतारा वहीत लिहावा. बँकेकडे खेळत्या भांडवलाची मागणी करताना हीच वही उपयोगी पडते.